एरंडेल लावलेला लॅपटॉप

मंजुळाबाईंनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं ते रागाच्या भरात. थंड डोक्याने विचार केला असता तर त्यांनी घरातला मिक्सरसुद्धा बदलला नसता. तो मिक्सर मुलाच्या, अनिशच्या बारशाला आलेला, आणि अनिशला आता टक्कल पडायला लागलंय.

राग आला तो कोपरीच्या भगिनी मंडळाच्या सभेत. मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं आणि स्मरणिका काढायची होती. चिटणीस प्राप्ती ही लग्न होऊन कोपरीत आलेली, चटपटीत, एका हातात दोन फोन सांभाळणारी मुलगी. तिने नमुना म्हणून मागच्या अहवालातली शेवंतीआत्यांची आठवण वाचून दाखवली. शेवंतीआत्या म्हणजे मंडळ सुरू करणाऱ्या बायकांपैकी उरलेल्या एकट्या, कोळीवाड्यातल्या, आणि मंजुळाबाईंची सख्खी आत्या. त्या पहिल्या रांगेत पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"समाजातील सर्व स्तरांतील महिलांनी एकत्र येऊन संघर्षमय वाटचाल केली," प्राप्तीने वाचलं.

"ही कोन बाई?" शेवंतीआत्यांनी विचारलं.

"आत्या, तुम्हीच की. तुमचीच मुलाखत."

"ही मी नाय. मी असा कवा बोलली? आनि माझे बोंबील कुठं गेले?"

बोंबलांची गोष्ट कोपरीत सगळ्यांना ठाऊक होती. मंडळाच्या पहिल्या सभेला नौपाड्याहून एक शिकलेल्या बाई मार्गदर्शनाला आल्या आणि कोळणींच्या पाट्यांशेजारी सबंध वेळ नाकाला पदर लावून बसल्या. शेवंतीआत्या तेव्हा ऐन जवानीत. त्यांनी बाईंच्या पिशवीत सुके बोंबील सोडले. पुढच्या सभेला बाई पुन्हा आल्या, पदर जागेवर होता आणि पिशवी आधीपेक्षा मोठी होती. तिथून मंडळ चालू झालं ते आजपर्यंत.

"डीटीपीवाल्याने जागेसाठी आवरतं घेतलंय, काकू," प्राप्ती मंजुळाबाईंना हळूच म्हणाली. "आणि खरं सांगू, ते बरंच झालं. कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्या समिधाबाई आहेत. त्याच बाईंची मुलगी. त्यांच्यासमोर त्यांच्या आईचं नाक कुठे काढता?"

मंजुळाबाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्या आपल्याच आठवणीच्या कागदाकडे असं बघत होती, जसं कोणी तिच्या पाटीतला पापलेट उचलून तिथे प्लास्टिकचा मासा ठेवावा. आणि मंजुळाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "स्मरणिका मी टाइप करीन. आत्या सांगेल ते, सांगेल तसं."

"कशावर?" प्राप्तीने विचारलं.

"माझ्या कॉम्प्युटरवर."

मंजुळाबाईंकडे कॉम्प्युटर नव्हता. पण सभेत बोललेला शब्द हा इतिवृत्तात जातो, आणि मंजुळाबाईंनी सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका म्हणून सबंध नोकरी केलेली. इतिवृत्तात गेलेलं मागे घेता येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय प्राप्तीने लगेच नियम काढला. मंडळ नोंदणीकृत असल्यामुळे टंकलेखनाला तीन कोटेशनं लागतात. "मी फुकट करतेय," मंजुळाबाई म्हणाल्या. "फुकटचंही कोटेशन लागेल काकू, ऑडिटर विचारतो." तेव्हा मंजुळाबाईंनी फुकटचं कोटेशन सही-शिक्क्यानिशी दिलं, आणि त्याहून महाग अशी दोन कोटेशनं शोधून आणण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

आता हे टायपिंग त्यांना आलं कसं, तेही सांगून टाकते. शेवंतीआत्यानेच त्यांना हाताला धरून नौपाड्यातल्या टायपिंग क्लासला नेलं होतं. त्या काळी नौपाड्यात प्रत्येक दुसऱ्या जिन्यावर असा एक क्लास असायचा आणि रस्त्यावरून जाताना पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा आवाज यायचा. आता तिथे दातांचे दवाखाने झालेत आणि आवाज फक्त आतल्या माणसाचा येतो. तर क्लासचे सर मंजूकडे बघून म्हणाले, "हिला जमेल का?" आत्या म्हणाली, "बोटं बघा तिची. कोलंबी सोलते ती." सरांनी बोटं बघितली आणि मंजूला खिडकीजवळचं मशीन दिलं.

खरेदीच्या बाबतीत पहिला सल्ला नवऱ्याचा, म्हणजे दामाजींचा आला. ते बंदर खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तू पाण्यात तरंगेल की नाही याचीच काळजी. "घ्यायचाच तर हलका घे," ते म्हणाले. अनिशने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, मोठ्या स्क्रीनचा घे, डोळ्यांना त्रास नको." शेजारचे व्हिक्टर पूर्वी डोंबिवलीला मानपाड्याच्या कारखान्यात फोरमन होते. कुठलंही यंत्र विकत घ्यायच्या आधी उघडून बघावं, असं त्यांचं मत. त्यांची बायको एडना, निवृत्त मेट्रन, एवढंच म्हणाली, "मंजुळा, कोणाचा ऐकू नको. तुझी बोटं, तुझा मशीन."

नौपाड्यातल्या दुकानात चिराग नावाचा मालक होता. त्याने आधी एक लॅपटॉप दाखवला, ज्याच्या चाव्यांखाली लाल-निळे दिवे पळत होते.

"आंटी, यात सोळा जीबी रॅम आहे."

"असू दे बिचाऱ्याकडे. मला बसायला खुर्ची द्या."

मंजुळाबाई खुर्चीवर ताठ बसल्या, डोळे मिटले, आठ बोटं मधल्या ओळीवर ठेवली आणि टाइप करू लागल्या. दुकानातलं गिऱ्हाईक बाजूला झालं. पहिला लॅपटॉप त्यांना फरशीवर बोटं आपटल्यासारखा वाटला. दुसरा भाकरीच्या पिठासारखा. असे एकेक करत त्या शेवटच्या फळीपर्यंत आल्या. तिथे एक छोटासा, काळा, जाडसर लॅपटॉप होता, दिसायला डब्यासारखा. त्याच्या चाव्या खाली जायच्या आणि टक असा आवाज करून वर यायच्या. मंजुळाबाईंनी डोळे उघडले.

"हा."

चिरागचा चेहरा पडला. "आंटी, हा स्वस्तातला आहे. आणि यात नेहमीची सिस्टिम नाही, लिनक्स आहे. ती फुकट असते. इंजिनिअरिंगची पोरं घेतात, नाहीतर चुकून जातो."

"फुकट असून चालते ना?"

"चालते. पण कोणी मदतीला नसतं."

"मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हाही कोणी नव्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

घरी आल्यावर त्याला हळद-कुंकू लागलं. नारळ त्याच्या झाकणावर फोडू नये, एवढं दामाजींनी वेळेवर सुचवलं. मंजुळाबाईंनी जुन्या पडद्याचं, नाडी असलेलं आच्छादन शिवलं, कारण काम संपल्यावर यंत्र उघडं ठेवणं ही त्यांच्या मते नुसती बेशिस्त. मग अनिशने फोनवरून मराठी बसवायला घेतलं. "आई, एक काळी खिडकी उघड. मी सांगतो ते लिही. आता पासवर्ड टाक."

मंजुळाबाईंनी पासवर्ड टाकला. पडद्यावर काहीही उमटलं नाही. ठिपकासुद्धा नाही. त्यांनी पुन्हा टाकला. व्हिक्टरनी एका बोटाने टाकून पाहिला. दामाजींनी चष्मा पुसून पासवर्ड टाकला. एडनाने चावीखाली बोट घालून नाडी बघितली.

"बंद पडला," व्हिक्टर म्हणाले. "उघडून बघू या?"

"आई, तो दिसत नाही," फोनमधून अनिश ओरडत होता. "दिसत नाही, पण लागतो. तो पासवर्ड दाखवतच नाही."

दामाजी मान हलवत म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखंच की. आपण बोलतो तेव्हा चेहऱ्यावर काही नाही, पण आत सगळी नोंद होते."

त्या दिवशी दामाजींना चहा स्वतः करून घ्यावा लागला.

मराठी बसलं, आणि खरा अपमान तिथून सुरू झाला. अनिशने दिलेल्या पद्धतीत इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं होतं. मंजुळाबाईंची बोटं मात्र जुन्या टाइपरायटरच्या जागांवरच जात. त्यांनी 'महोदय' टाइप केलं की पडद्यावर नळावर भांडण झाल्यासारखी अक्षरं जमत. ज्या बाईने साहेबांचं वाक्य साहेबांच्या तोंडातून निघायच्या आत कागदावर उतरवलं, ती आता एका बोटाने 'क' शोधत होती. येणारे-जाणारे खिडकीतून विचारत, "मंजुळाताई, कुठपर्यंत आली स्मरणिका?" त्या म्हणत, "मुखपृष्ठ चाललंय."

बोटं विसरत नाहीत म्हणतात ते खोटं नाही, पण हात तर त्याहून विसरत नाही. टाइपरायटरवर ओळ संपली की डावा हात आपोआप वर जातो आणि दांडी ढकलून गाडी पुन्हा सुरुवातीला आणतो. एके सकाळी कशीबशी एक ओळ पुरी झाली, आणि मंजुळाबाईंचा डावा हात वर गेला. दांडी तिथे नव्हती. लॅपटॉपचा पडदा होता. त्या ढकलण्याने लॅपटॉप टेबलावर गर्रकन फिरला आणि दामाजींच्या भरलेल्या कपावर जाऊन आदळला. चहा चाव्यांच्या सगळ्या फटींत गेला, आणि लॅपटॉप, जसा हजेरीपटावर लाल शेरा पडल्यावर कारकून होतो, तसा गप्प झाला.

दुरुस्तीच्या दुकानात त्यांना टोकन मिळालं, मग दुसरं टोकन मिळालं, मग पहिलं टोकन परत मागण्यात आलं. काउंटरवरचा तरुण म्हणाला, "लिनक्स? हे आम्ही बघत नाही. सुकला तर आणा, हे काढून दुसरी सिस्टिम टाकतो."

"तिचं लायसन?"

"ते नका बघू, काकी. सगळे तशीच वापरतात."

मंजुळाबाईंनी आयुष्यात कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणलेली नव्हती. त्यांनी लॅपटॉप उचलला, नाडी बांधली आणि त्या बाहेर पडल्या. ताठ चालायला त्यांना जमलं, पण वाट त्यांनी मुद्दाम कोळीवाडा टाळून धरली. कारण आत्याला काय सांगायचं हेच त्यांना सुचत नव्हतं.

उपाय एडनाने सांगितला. "तांदळात ठेव. व्हिक्टरचा फोन चर्चच्या फेअरमध्ये सरबतात पडलेला. तांदळात पुरला." आणि गंभीरपणे पुढे म्हणाली, "तिसऱ्या दिवशी उठला."

मंजुळाबाईंनी वर्षाच्या तांदळाचा मोठा डबा उघडला, लॅपटॉप उभा आत सोडला, वरून तांदूळ लोटले आणि झाकण घट्ट लावलं. आता चूक झाली ती अशी, आणि ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. वर्षाचे तांदूळ कोणी कोरडे भरतं का? किडे होऊ नयेत म्हणून मंजुळाबाईंनी त्यांना मे महिन्यात, आईने शिकवल्याप्रमाणे, छान हाताने एरंडेल चोळून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बाहेर आला तेव्हा तो न्हाऊ-माखू घातलेल्या बाळासारखा चकाकत होता. एडनाने चष्मा लावला, हातमोजे घातले, आणि केसांच्या आकड्याने बाजूच्या भोकांतून एकेक तांदूळ काढून वाटीत टाकला. व्हिक्टर टॉर्च धरून उभे होते. त्यांची यंत्र उघडून बघण्याची इच्छा एवढ्यावर भागली. मग मंजुळाबाईंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

तो चालू झाला. एवढंच नव्हे, चाव्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या मऊ झाल्या होत्या. फक्त गरम झाला की घरभर एरंडेलाचा वास सुटे, आणि दामाजींचं पोट, लहानपणीच्या आठवणीने, आपोआप बिघडे.

चालू झाला तरी 'क' अजून सापडायचा होताच. पण मरणातून परत आलेल्या यंत्राबद्दल माणसाला आपलेपणा वाटतो. मंजुळाबाईंनी ठरवलं, याला एकदा नीट वाचून काढावं. शासन निर्णय वाचावा तसं त्यांनी त्याच्या सेटिंगचं पान न पान, ओळ न ओळ वाचायला घेतली. फुकटच्या वस्तूत असतं काय, असा चिरागचा सूर होता. होतं मात्र भलतंच. मराठी कळफलकांची अख्खी रांग, अनिशने घाईत पहिल्यावर बोट ठेवलेलं. आणि त्या रांगेच्या शेवटी, शाळेच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीसारखं, एक नाव. रेमिंग्टन, क्लासातल्या खिडकीजवळच्या मशीनवर होतं तेच.

त्यांनी ते निवडलं. डोळे मिटले. बोटं ठेवली.

थोड्या वेळाने दामाजी भाजीची पिशवी घेऊन आले, तर आतून पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा आवाज येत होता. पडद्यावर लिहिलेलं होतं, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की," आणि पुढे तेच, आणि पुढे तेच, पानभर. विषय काहीच नव्हता. बाई नुसत्या हसत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या.

"कप उचलू का?" दामाजींनी विचारलं.

"उचला," त्या म्हणाल्या. "आणि डाव्या बाजूला उशी ठेवा."

दुसऱ्या दिवशी शेवंतीआत्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि बोलू लागल्या. मंजुळाबाई पडद्याकडे न बघता, आत्याच्या तोंडाकडे बघत टाइप करत होत्या. अधूनमधून डावा हात वर जाऊन उशीला धक्का देई. आत्या मध्येच थांबे. "मी बोलते तसाच येतंय गो?"

"तसंच."

"बोंबील आले?"

"आले. नाकावरचा पदरही आला."

"तो आधी येऊं दे," आत्या म्हणाली.

छपाईसाठी व्हिक्टरनी मानपाड्याजवळचा त्यांच्या ओळखीचा छापखाना गाठून दिला. मालक मधू यांनी पेनड्राइव्ह लावला, आणि स्मरणिकेच्या जागी पानभर चौकोन आले. "ताई, तुमचं अक्षर आमच्या मशीनला दिसत नाही. आमचा ऑपरेटर परत टाइप करील. थोडं आवरतं घेईल, शुद्ध करील."

मंजुळाबाईंना समोर तो प्लास्टिकचा मासा दिसला. त्यांनी आच्छादनाची नाडी सोडली. "तुमचा प्रिंटर कुठे आहे? याला सरळ जोडा."

"लिनक्सला? ताई, ड्रायव्हर लागेल, सीडी लागेल—"

जोडला. लॅपटॉपने कोणाला काही विचारलं नाही. प्रिंटर खोकला आणि पहिलं पान बाहेर आलं, बोंबलांसकट. मधू बराच वेळ ते वाचत राहिले. मग ऑपरेटरला म्हणाले, "यातलं काही हलवायचं नाही. नुसती प्लेट काढ." आणि थोड्या वेळाने, "वास कसला येतोय?"

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं, समिधाबाई आल्या, हार झाले, आणि स्मरणिका मात्र टेंपोसकट मानपाडा रस्त्यावर अडकून पडली. मधूंचा फोन आला, "निघालोय, पण हललो नाही." प्रकाशन करायला हातात काही नव्हतं. प्राप्तीचे दोन्ही फोन एकदम वाजत होते.

"काकू, आता काय करू?"

"मी वाचते," मंजुळाबाई म्हणाल्या. लॅपटॉप त्यांच्यासोबत होताच. घरी एकटा ठेवायचा त्यांना धीर होत नसे.

"बोंबलांचं पान सोडून वाचा, प्लीज. त्या समोरच बसल्यात."

मंजुळाबाईंनी समोर पाहिलं. समिधाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी आत्या, नवं लुगडं, कान पुढे. मंजुळाबाईंनी लॅपटॉप उघडला आणि नेमकं तेच पान वाचायला घेतलं, आत्याच्या बोलीत, नाकावरच्या पदरापासून.

सभागृह हसलं. समिधाबाई हसल्या नाहीत. त्या मान खाली घालून मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिल्या. प्राप्तीने डोळे मिटून घेतले. मंजुळाबाईंचा आवाज जरा बारीक झाला, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. मोठ्या पिशवीपर्यंत येऊन त्या थांबल्या.

समिधाबाई उठल्या. "ती पिशवी," त्या म्हणाल्या, "माझ्या आईने आम्हाला कधी धुऊ दिली नाही. मंगळवारी हातात घेऊन बाहेर पडायची. आम्हाला सांगायची, कोपरीला समाजकार्याला चालले. घरात मासे चालत नव्हते. आम्ही म्हणायचो, आई समाजकार्याहून येते तेव्हा एवढी खूश का असते?" मग आत्याकडे वळून, "तुमच्याकडेच जेवायची का हो ती?"

"मंग कुठं," आत्या म्हणाली. "काटा काढायला मीच शिकवला तिला."

यानंतरचं हसणं समिधाबाईंनी सुरू केलं. त्या आत्याचा हात हातात धरून बसल्या, आणि तो त्यांनी चहा येईपर्यंत सोडला नाही. स्मरणिका आली ती सगळे पांगल्यावर.

प्राप्ती खुर्च्या आवरताना म्हणाली, "काकू, पुढचा अहवालही तुम्हीच करा. कोटेशन नको."

शेवंतीआत्या मंजुळाबाईंच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी लॅपटॉपवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"मंजू, मी सांगितला ता सगला या डब्यात हाय?"

"सगळं."

"आनि याला वास कसला गो?"

"एरंडेलाचा, आत्या. तांदळात ठेवला होता."

शेवंतीआत्यांनी समाधानाने मान हलवली आणि आच्छादनाची नाडी स्वतःच्या हाताने बांधली.

"मंग टिकंल," त्या म्हणाल्या.